मागच्या सीटवर बाबा

दोन सेट माझ्या गॅरेजच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडे महागडा, उजवीकडे स्वस्तातला. आणि माझी नणंद गेला अर्धा तास डावीकडेच उभी होती.

"वहिनी, याचं फिनिशिंग बघ तरी."

"बघितलं. शॉकअप गाडीखाली असतात. तिथे फिनिशिंग बघायला कोण जाणार आहे?"

"तू जातेस ना रोज."

"मी जाते ते काय तुटलंय ते बघायला."

नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. आता पस्तिशीची आहे, शाळेत गणित शिकवते, पण नाव काही सुटलं नाही, आणि सुटावं असं तिचं वागणंही नाही. महिन्यातून एक रविवार ती आपली छोटी लाल गाडी घेऊन रेसच्या ट्रॅकवर जाते. त्याच गाडीने सोमवारी शाळेत जाते, मंगळवारी बाजारात. म्हणजे एकच गाडी, आणि तिने ट्रॅकवर कडक राहायचं, रस्त्यावर मऊ राहायचं. मी पंचवीस वर्षं सस्पेन्शनचं काम करतेय. या एका गोष्टीवरून माझी गिऱ्हाइकांशी जेवढी भांडणं झालीत, तेवढी नवऱ्याशीही झाली नसतील.

शॉकअपचं काम चाक जमिनीला धरून ठेवायचं. मऊ ठेवला तर खड्डा गिळतो, पण वळणावर गाडी डुलते. कडक ठेवला तर वळणावर गाडी ताठ राहते, पण रस्त्यातला प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्याला कळतो. टेबलावरच्या दोन्ही सेटना नॉब होते. फिरवले की टिक टिक करत मऊचे कडक आणि कडकचे मऊ. महागड्यात चारही नॉब वर होते, बॉनेट आणि डिकी उघडून उभ्या उभ्या फिरवता येतील असे. स्वस्तातल्या सेटमध्ये पुढचे दोन वर आणि मागचे दोन पार खालच्या टोकाला, जमिनीकडे तोंड करून.

"आणि एवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे?" मी म्हटलं. "मला गाडीखाली जायची लाज वाटत नाही बाई."

पण खरा प्रश्न पैशांचा नव्हता आणि ट्रॅकचाही नव्हता. प्रश्न होता बाबांच्या पाठीचा.

बाबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं ट्रक चालवला. सहा महिन्यांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. तेवढ्या वीस मिनिटांतही प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा उतरायचा. मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे गियर ऐकायचे आणि ड्रायव्हरांना शिव्या घालायच्या, एवढाच उद्योग.

अशात ट्रॅकवाल्यांनी कळवलं की त्यांना शनिवार-रविवारपुरता एक इन्स्ट्रक्टर हवा आहे, नवशिक्यांना वेगात गाडी चालवायला शिकवणारा. चाचणी महिनाअखेरच्या रविवारी. भिंगरीने अर्ज केला. घरात सांगितलं तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. बाबा शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी येणार बघायला."

आमचे घास हातातच राहिले.

भिंगरी ट्रॅकवरून आली की जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा ट्रॅक मांडते. मीठदाणी म्हणजे तिची गाडी. बाबा विचारतात, इथे ब्रेक कुठे मारलास, तिथे गियर कधी टाकलास, शेवटचं वळण एवढं आधी का घेतलंस. आठ वर्षं हे चाललंय. पण ट्रकच्या दिवसांत रविवारी ते कायम कुठल्या तरी रस्त्यावर असायचे, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा पाठ गेली. लेकीला गाडी पळवताना त्यांनी उभ्या जन्मात एकदाही बघितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "तासाभराचा रस्ता? मागच्या सीटवर उशा लावून, टेकून जाऊ द्या त्यांना. पण धक्के बसता कामा नयेत. पाठ दुखायला लागली तर तिथूनच गाडी परत फिरवायची. कबूल?"

"कबूल," आम्ही चौघांनी एका सुरात सांगितलं.

मी आपलं सुचवलं, एखादी मोठी आरामशीर गाडी भाड्याने घेऊ. बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांत काढली. जाईन तर लेकीच्या गाडीतून, नाहीतर नाही." बाबांनी 'नाहीतर नाही' म्हटलं की पुढे बोलून उपयोग नसतो. हा गुण भिंगरीत जसाच्या तसा उतरलाय.

तर असं ते टेबल आणि असे ते दोन सेट. महागडा भिंगरीने ट्रॅकवरच्या मैत्रिणीकडून चार दिवस वापरून बघायला आणला होता. स्वस्तातला मी मागवला होता. वाद मिटेना, तेव्हा मी म्हटलं परीक्षाच घेऊ, आणि नवऱ्याला दुकानातून उठवून आणलं.

माझा नवरा शिंपी आहे. शांत माणूस. घरात एकाने तरी शांत असावं लागतं. त्याला मागच्या सीटवर बसवलं, एका हातात सुई दिली, दुसऱ्या हातात दोरा.

"हे काय?" तो म्हणाला.

"गॅरेजमागच्या रस्त्याने गाडी जाईल. तू सुईत दोरा ओवायचा."

"मी शिंपी आहे गं, सर्कशीत नाही कामाला."

"ओव मुकाट्याने."

आधी जुन्या शॉकअपवर नेला. त्याने दोनदा बोटाला टोचून घेतलं आणि एकदा भिंगरीच्या सीटला. दुसऱ्या दिवशी महागडा सेट लावला, तिसऱ्या खेपेला दोरा गेला. तिसऱ्या दिवशी स्वस्तातला. मी टेबलावर एकेक शॉकअप हातात घेऊन, नॉब नीट डोळ्यांसमोर धरून, मऊ करून बसवले होते. चौथ्या खेपेला दोरा गेला.

"एका खेपेचा फरक!" मी टाळी वाजवली. "एका खेपेसाठी दुप्पट पैसे!"

"वहिनी, पण महागड्याचं काहीतरी वेगळं..."

"काही वेगळं नाही. लावणारा हात चांगला असला की झालं. माझ्या हातावर भरवसा आहे की नाही?"

स्वस्तातला सेट कायम झाला. आणि 'लावणारा हात चांगला असला की झालं' हे वाक्य मी त्या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला ऐकवलं, अगदी फोनवर चुकून लागलेल्या एका माणसालाही ऐकवलं. तो बिचारा हो हो म्हणाला.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, भिंगरीला सरावाला जायचं होतं. मी सकाळी गाडी ट्रॅकसाठी कडक करून दिली. बॉनेट उघडून पुढचे दोन नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवले, दोन टिक मागे घेतले. मग मागे गेले. खाली आडवं पडायचा कंटाळा आला, धुतलेले कपडे होते. उकिडवी बसले, चाकाच्या वरून हात आत घातला, चाचपडून नॉब धरला, उजवीकडे शेवटपर्यंत, दोन टिक मागे. पंचवीस वर्षांच्या हाताला बघावं लागत नाही, असं मला वाटत होतं.

दुपारी भिंगरीचा फोन. नुसती किंचाळत होती. "वहिनी, आजवरची सगळ्यात चांगली वेळ! शेवटच्या वळणावर मागचं चाक उधळतं ना, आज उधळलंच नाही! चिकटून होतं जमिनीला!"

"मग? कुणी लावलाय सेट?"

शनिवारी संध्याकाळी मी तसंच उलटं केलं. पुढचे नॉब डावीकडे शेवटपर्यंत, मऊ. मागे उकिडवी बसून हात घातला, डावीकडे शेवटपर्यंत. झालं काम. हात पुसले आणि बाबांना सांगितलं, "उद्या पाळण्यात घालून नेते तुम्हाला."

रविवारी सकाळी निघालो. भिंगरी चालवत होती, मी तिच्या शेजारी, मागे बाबा चार उशांमध्ये आणि त्यांच्या बाजूला नवरा. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मी पुढच्या सीटवर बसून मऊपणाची मजा घेत होते. पहिला खड्डा आला, गाडीने कसा गिळला तो! मी वळून बाबांकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. बाबांनी अंगठा दाखवला.

पाच-सात मिनिटांनी नवरा म्हणाला, "जरा आदळतंय का गं मागे?"

"आदळत नाहीये. तू घरून नीट खाऊन निघाला नाहीस."

"नाही, खरंच, मला..."

"तुला कापडातलं कळतं, शॉकअपमधलं नाही. बाबा, आदळतंय का?"

"छे!" बाबा म्हणाले. "एकदम झकास. सूनबाई, हात आहे तुझा!"

मी नवऱ्याकडे असं बघितलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाबा तासभर बोलत होते. कुठल्या घाटात ब्रेक गेले होते, कुठल्या पुलावर रात्र काढली होती, सगळं काढलं. एरवी दवाखान्यात जाताना तोंडातून अक्षर काढत नाहीत. मला इतका आनंद झाला की मी दोन वेळा स्वतःच म्हटलं, "बघा, स्वस्तातला सेट!"

ट्रॅकवर पोचलो. नवरा बाबांना धरून कुंपणापाशी सावलीत खुर्चीकडे घेऊन गेला. चाचणीआधी प्रत्येक गाडी तपासणीच्या रॅम्पवर चढवतात. आमची गाडी चढली, आणि मी खाली उभी राहून, मान वर करून, दोन दिवसांत पहिल्यांदाच मागचे नॉब डोळ्यांनी बघितले.

नॉबवरची लाल रेघ कडकच्या टोकाला होती. दोन्हीकडे. अगदी शेवटच्या टिकपर्यंत कडक.

क्षणभर मला कळेचना. मग मी हात वर करून फिरवल्यासारखं केलं, आणि कळलं. पुढचा नॉब वर तोंड करून असतो, मागचा खाली. वरून हात घालून तुम्ही ज्याला डावीकडे म्हणता, ते त्या नॉबचं उजवीकडे होतं. टेबलावर नॉब डोळ्यांसमोर होता तेव्हा बरोबर लागला. गाडीवर चढल्यावर, मी धुतलेले कपडे सांभाळत उकिडवी बसले, आणि दोन्ही दिवस उलटा लागला. शुक्रवारी ट्रॅकवर मागचं चाक मऊ होतं. आणि आज, तासभर, बाबांच्या खाली लाकडाची फळी होती म्हटलं तरी चालेल.

हातातला पाना तिथेच टाकून कुंपणाकडे पळत सुटले.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. खुर्चीचे दांडे त्यांनी घट्ट धरले होते आणि शर्टाची पाठ घामाने भिजली होती. जवळ गेल्यावर दिसलं, ओठाला आतून दात रोवलेला.

"बाबा," मी म्हटलं, "मागचे शॉकअप कडक होते. पूर्ण कडक. माझी चूक झाली."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अगं, चाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी. कडक आणि मऊ मला कळत नाही होय? गल्लीच्या तोंडाशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. चढतोच, काय करू. "तासभर गप्पा मारत बसलात! झकास काय, हात काय! एक शब्द बोलायचा होता ना!"

"बोललो असतो तर तू गाडी थांबवली असतीस," बाबा म्हणाले. "मग नॉब, मग पाना, मग त्या डॉक्टरीणबाईंना फोन. आणि तिने सांगितलं असतं, परत फिरा. आपण कबूल केलं होतं. मला परत फिरायचं नव्हतं गं."

मला रडूच आलं. पंक्चरवाल्याने बघितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. नवरा कधी गेला ते कळलं नाही, पण ट्रॅकवरच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी बाबांची पाठ तपासली, पाय हलवून बघितले, एक गोळी दिली आणि सांगितलं की स्नायू आखडलेत, टाक्यांच्या जागेला काही झालेलं नाही, पण जाताना असं नेऊ नका. "नाही नेणार," मी नाक ओढत म्हटलं.

तेवढ्यात हेल्मेट घेऊन भिंगरी आली. "वहिनी, पाच मिनिटं राहिलीत. गाडी कडक केलीस ना?"

तिला काय सांगावं? मागचे नॉब सेटबरोबरच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कडक ठेवावेत, की शुक्रवारी चुकून होते तसे मऊ करावेत? पुस्तकात एक होतं आणि घड्याळात दुसरंच. आयुष्यात पहिल्यांदाच मला शॉकअपमधलं काही सुचेना. मी तिला सगळं सांगून टाकलं, बाबांच्या पाठीचं सोडून. बाबांनीच डोळ्यांनी नको म्हणून दटावलं होतं.

"शेवटच्या वळणावर रस्ता उखडलेला आहे ना?" बाबांनी तिला विचारलं. "खडबडीत?"

"हो. तिथेच सगळ्यांची मागची चाकं उधळतात."

"मग मागचं मऊच ठेवा. रिकामा ट्रक खराब रस्त्यावर वळवून बघा एकदा. मागे वजन नाही, स्प्रिंगा कडक, चाक नुसतं उड्या मारतं. हवेतल्या चाकाचा काय उपयोग? पुढचं कडक, मागचं मऊ. जा."

मी गेले. या वेळी गाडीखाली अख्खी शिरले, उताणी, धुतलेल्या कपड्यांसकट, आणि डोळ्यांनी बघून नॉब फिरवले.

पाच जण चाचणीला होते, प्रत्येकाला तीन फेऱ्या. भिंगरीचा नंबर चौथा. बाबा खुर्चीत बसायला तयार नव्हते, नवऱ्याच्या खांद्याला धरून कुंपणाला लागून उभे राहिले. लाल गाडी सुटली. पहिल्या वळणाला बाबांचा उजवा पाय हलला, जमिनीवर ब्रेक दाबला त्यांनी. त्याच क्षणी गाडीचे मागचे दिवे लागले. दुसऱ्या वळणाला तसंच. आठ वर्षं चमच्यांवर शिकले होते ना दोघं! शेवटच्या वळणाला आधीच्या तिन्ही गाड्यांची शेपटी फिरली होती. भिंगरीची गाडी त्या उखडलेल्या तुकड्यावरून अशी गेली की मी स्वतःच "अगं बाई!" म्हणून ओरडले. बाबा ओरडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"पळवते की पोरगी," ते म्हणाले. नुसतं तेवढंच, तीन-चारदा.

वेळ तिची सगळ्यात चांगली लागली. पण परीक्षकांना त्याहून आवडलं ते असं, की तिन्ही फेऱ्यांची वेळ जवळजवळ सारखी होती. शिकवणाऱ्याला तेच लागतं म्हणे. नोकरी तिला मिळाली. निकाल ऐकल्यावर ती हेल्मेटसकट धावत आली आणि बाबांना मिठी मारायला गेली. मी आणि नवरा एकदमच मध्ये आडवे झालो.

"हळू! पाठ!"

तेव्हा तिला बाकीचं कळलं. ती माझ्यावर चिडेल म्हणून मी तयारीत होते, दोन-चार उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण ती बाबांना खुर्चीत बसवून त्यांच्यासमोर खाली मातीत बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी पाना घेऊन गाडीकडे गेले. कुणीतरी काम करायला हवं होतंच.

"पुढच्या वेळी महागडा घेऊ," परत निघताना मी भिंगरीला म्हटलं. हे म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. "चारही नॉब वर असलेला. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

"मुळीच नाही. मला याच्यावर नोकरी लागलीय."

आता चारही चाकं मऊ होती, मी दोनदा खाली जाऊन बघितलं होतं. गाडी खरोखरच पाळण्यासारखी चालली होती. ट्रॅकच्या फाटकाबाहेर पहिला खड्डा आला, गाडी त्यावरून हलकेच तरंगत गेली, आणि मागून जोरात आवाज आला, "आई गं!"

आम्ही तिघेही दचकलो. भिंगरीने गाडी जवळजवळ थांबवलीच. पुढे एक बारीकसा उंचवटा आला, नुसता नावापुरता. "अरे देवा! मेलो!"

"काय झालं बाबा?" मी वळले. "आता तर मऊ आहे! मी स्वतः बघितलंय!"

"मऊच आहे," बाबा उशांमध्ये आरामात रेलून म्हणाले. चेहऱ्यावर कसलीही वेदना नव्हती. "लागत नाहीये काही. सकाळचे 'आई गं' तेवढे राहिलेत, ते आत्ता म्हणून घेतोय."

मग घर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला बाबांनी आई गं केलं. मला एरवी कुणी कुरकुर केलेली चालत नाही, पण त्या दिवशी मी मागे वळून त्यांचा हात धरून ठेवला होता आणि प्रत्येक खेपेला म्हणत होते, "हो बाबा, लागलं ना."